आमच्या होडीचें जुनें इंजिन

या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या उभारणीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि शाळेचा इतिहास इतर लेखकांनीं दिलाच आहे. माझ्या वांट्यास संपादक मंडळीनें असा एक विषय दिला कीं तो पाहून पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. धर्मगुरूच्या घरामागील पडवींत गोणपाटांत गुंडाळून ठेवलेलें होडीचें एक जुनें इंजिन गेल्या वर्षीं बाहेर निघालें, आणि आपल्या तरुण मंडळीनें खटपट करून तें पुन्हां चालतें केलें. त्या इंजिनाची हकीकत लिहावी, अशी त्यांची इच्छा. धर्मकार्याच्या स्मरणिकेंत तेलकट लोखंडाला जागा कशाला, असें प्रथम मलाही वाटलें. परंतु त्या यंत्राचे स्क्रू जसजसे सुटत गेले, तसतशीं आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या वह्यांतील कांहीं पानेंही मला उलगडूं लागलीं, आणि त्या पानांत जें आढळलें तें सांगणें मला कर्तव्य वाटतें.

प्रथम या जातीच्या यंत्राविषयीं थोडें. मोठ्या मचव्याचें इंजिन त्याच्या पोटांत कायमचें बसविलेलें असतें. आपलें इंजिन तसें नव्हे. तें होडीच्या मागल्या फळीवर दोन पेंचांनीं आवळून अडकवावयाचें आणि काम झालें कीं खांद्यावर टाकून घरीं न्यावयाचें. वर सिलिंडर व चाक, मधें लांब नळी, नळीच्या तळाशीं पाण्यांत फिरणारा पंखा. सारें मिळून एकच वस्तु. हिलाच आउटबोर्ड म्हणतात.

ही कल्पना प्रथम फ्रान्सांत निघाली. १८८१ सालीं गुस्ताव्ह ट्रूव्हे या कल्पक गृहस्थानें विजेची लहान मोटर सुकाणूंस जोडून पॅरिस येथें सीन नदींत होडी चालवून दाखविली. पेट्रोलचें यंत्र मात्र अमेरिकेंत झालें. डिट्रॉइटचे कॅमेरन वॉटरमन यांनीं मोटरसायकलचें इंजिन होडीस लावून १९०५ च्या सुमारास प्रयोग केला व पुढें अशीं यंत्रें विकलींही. परंतु लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तें ओले एव्हिनरूड यांचें. ओले १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मले व लहानपणींच कुटुंबासह अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत आले. कथा अशी सांगतात, कीं एका उन्हाळ्यांत मित्रमंडळी तळ्यावर वनभोजनास गेली असतां बेस कॅरी या तरुणीस आइसक्रीम खावेंसें वाटलें. ओले वल्हीं मारीत तळें ओलांडून गेले, आणि आइसक्रीम घेऊन परत येईपर्यंत त्याचें पाणी झालें. वल्ह्यांचा असा कंटाळा येऊन त्यांनीं यंत्राचा ध्यास घेतला. ही कथा पुष्कळांनीं घोळून घोळून गोड केलेली असावी, असा मला संशय आहे; पण बेसशीं त्यांचा विवाह झाला, हें खरें.

१९०९ सालीं मिलवॉकी शहरांत त्यांचें यंत्र विक्रीस आलें. शक्ति दीड अश्वशक्ति, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. पहिला नमुना पाहून, हें तर कॉफी दळण्याचें यंत्र दिसतें, असें बेसबाई म्हणाल्याचें सांगतात. यंत्र घडविण्याचें काम पतीचें, तर पत्रव्यवहार व हिशेब पत्नीचा. जाहिरातीही त्याच लिहीत, आणि त्यांच्या एका प्रसिद्ध जाहिरातीचा आशय असा, कीं आतां वल्हीं मारूं नका, वल्हीं फेंकून द्या व हें यंत्र लावा. वाचकांनीं हा आशय ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. बेसबाईंची प्रकृति ढासळल्यामुळें त्यांनीं कारखाना विकला. पुढें १९२० नंतर ॲल्युमिनियमचें हलकें, दोन सिलिंडरांचें यंत्र घेऊन ते पुन्हां बाजारांत उतरले. १९३३ मध्यें बेसबाई व १९३४ मध्यें ओले निवर्तले. त्यांच्या नांवाचीं यंत्रें मात्र २०२० पर्यंत तयार होत होतीं.

आपलें इंजिन या घराण्याचें नव्हे. तें इंग्लंडचें, नांव ब्रिटिश सीगल. सीगल म्हणजे समुद्रपक्षी कुरव. वुल्व्हरहॅम्प्टन येथें सनबीम गाड्यांमुळें नांवारूपास आलेल्या मार्स्टन कंपनीनें १९३१ सालीं हीं यंत्रें काढण्यास आरंभ केला. पुढें कारखाना समुद्रकांठीं पूल या गांवीं गेला, आणि दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या सैन्यास हीं यंत्रें मोठ्या संख्येनें पुरविलीं गेलीं. अमेरिकन यंत्रांवर रंगीत झांकणें आलीं, पुढें वीजही आली. सीगल मात्र तशीच उघडीवाघडी राहिली. एक सिलिंडर, वर उघडें फिरणारें चाक, त्या चाकाभोंवतीं दोरी गुंडाळून ती ओढावयाची. आपल्या इंजिनास क्लच देखील नाहीं. इंजिन सुरू झालें, कीं त्याच क्षणीं पंखा फिरतो व होडी चालूं लागते; चालविणारा तयार असो वा नसो. १९९६ मध्यें या यंत्रांचें उत्पादन बंद पडलें, पण बांधणी इतकी साधी कीं साठ सत्तर वर्षांचीं यंत्रें आजही चालतांना दिसतात, व सुटे भागही मागवितां येतात.

इंजिनाच्या खोक्यावर ठोकलेल्या क्रमांकाच्या आरंभींच्या अक्षरांवरून यंत्राचा नमुना कळतो. आपलें यंत्र ६४ घनसेंटीमीटरचें फोर्टी प्लस या नांवाचें आहे. तें येथें कधीं आलें, हें सांगावयास मात्र इंग्लंडास जाण्याची गरज पडली नाहीं. आपल्या हिशेबाच्या वहींतच तें सांपडलें.

त्या काळीं खाडीपलीकडील पाड्यावर जाण्यास पूल नव्हता. दर रविवारीं दुसरी मिस्सा तेथील लहानशा चॅपलमध्यें होत असे, आणि धर्मगुरूंस नेण्याआणण्यास सागवानी होडी व दोन वल्हेकरी होते. वहींत दरमहा ‘होडीवाले’ या सदराखालीं त्यांची रक्कम लिहिलेली आहे; वर्षामागून वर्षें, वेगवेगळ्या धर्मगुरूंच्या हस्ताक्षरांत. १९६४ च्या नोव्हेंबरांत हें सदर एकाएकीं थांबतें. त्याच पानावर, त्याच शाईनें, खालीं नवें सदर सुरू होतें: ‘पेट्रोल व तेल’. इंजिन एका परदेशी उपकारकर्त्यानें भेट दिल्याचें रोजनिशींत नमूद आहे व त्याचे आभारही मानले आहेत. वल्हेकऱ्यांस निरोप देतांना कांहीं दिलें काय, म्हणून मीं तीं पानें दोनदां चाळलीं. तशी नोंद नाहीं.

त्या दोघांपैकीं एकाचे चिरंजीव आज ऐंशीच्या पुढें आहेत. सारा गांव त्यांस मामा म्हणतो, म्हणून मीही तसेंच लिहितों. इंजिन उघडण्याचें काम चालूं असतां ते रोज संध्याकाळीं येऊन पडवीच्या पायरीवर बसत, पण हात लावीत नसत. एके दिवशीं मीं वहीची गोष्ट काढली. मामा म्हणाले, “फादर, हें मशीन आलं त्या दिवशीं आमच्या बाबांनीं वल्हीं घरीं आणून भिंतीला लावलीं. कोणावर रागावले नाहींत. पण आईनं त्या महिन्याचं तांदूळ उधार आणलं.” एवढें बोलून त्यांनीं विडी पेटविली. मिलवॉकीच्या बेसबाईंनीं वल्हीं फेंकून द्यावयास सांगितलें तें तळ्यावर मौजेसाठीं फिरणाऱ्या लोकांस. आपल्या खाडींत त्या वल्ह्यांवर दोन चुली पेटत होत्या. केरळ व कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकांत केरोसीनवर चालणारीं आउटबोर्ड यंत्रें झपाट्यानें पसरलीं, तेव्हां तेथील कष्टाळू कोळी बांधवांनाही हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला: हातांचे कष्ट वांचले, दूरवर जातां येऊं लागलें, आणि इंधनाचें व यंत्राचें कर्ज उरावर बसलें. यंत्र वाईट असें मी म्हणत नाहीं. रोग्याकडे तांसाऐवजीं पाव तांसांत पोहोंचणें ही लहान गोष्ट नव्हे. पण हिशेबाच्या वहींत दोन्ही सदरें वाचावीं लागतात.

आतां जीर्णोद्धाराकडे वळूं. हें काम आपल्याच धर्मग्रामांत स्कूटर दुरुस्तीचें गॅरेज चालविणाऱ्या एका तरुणानें अंगावर घेतलें, व कॉलेजांत जाणारीं तीन मुलें त्याच्या हाताखालीं राबलीं. पहिल्याच दिवशीं दिसून आलें कीं चाक तसूभरही फिरत नाहीं. दट्ट्या सिलिंडरांत गंजून बसला होता. एका मुलानें हातोडी उचलली. त्या तरुणानें ती हिसकावून घेतली. सिलिंडर बिडाचें असतें. बीड वांकत नाहीं, तडकतें. मग प्लगच्या भोंकांतून पातळ तेल व डिझेल यांचें मिश्रण ओतून तें तसेंच ठेवण्यांत आलें. रोज थोडें तेल, रोज चाकाला हाताचा हलकासा हिसका, आणि पुन्हां वाट पहाणें. सेमिनरींत असतांना आमचे आध्यात्मिक गुरु धीराविषयीं जें सांगत तें मला या मुलांच्या सहवासांत जितकें समजलें तितकें तेव्हां समजलें नव्हतें, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. एकोणिसाव्या दिवशीं चाक बोटभर सरकलें. मुलांनीं केलेला आरडाओरडा ऐकून शेजारची मंडळी धांवत आली.

खरें शत्रुत्व गंजानें केलें नव्हतें, मिठानें केलें होतें. खाऱ्या पाण्यांत लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगांत असे रुजतात, कीं पाना लावला तर बोल्टाचें डोकें हातांत येतें व धड आंतच रहातें. दोन बोल्ट भोंक पाडून काढावे लागले. सिलिंडरभोंवतीं पाणी फिरण्याच्या वाटा मीठ व गाळ यांनीं जवळजवळ बंद झाल्या होत्या. असें इंजिन तसेंच चालविलें असतें तर पाण्याअभावीं तापून कांहीं मिनिटांत पुन्हां आवळलें असतें. तळाच्या गिअरपेटींतून निघालेलें तेल तर ताकासारखें पांढरें होतें. त्यांत पाणी शिरलें होतें; या यंत्रांची तेथील बांधणी मुळींच पाणबंद नसते, व कारखान्यानेंही तें चालवूनच घेतलें होतें. घट्ट तेल घालीत रहावें, तें थोडें गळणारच, असा एकंदर प्रकार. पेट्रोलच्या तोटींत बूच होतें तें सुकून आकसलें होतें. गरम पाण्यांत भिजवितांच तें पूर्ववत् फुगलें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें पाणी शोषून घेतें, म्हणून काम झालें कीं टांकी रिकामी करण्याचा नियम त्या तरुणानें घालून दिला आहे.

ठिणगी पाडणारें मॅग्नेटो चाकाच्या पोटांत असतें. त्यांतील दोन टोंकें एकमेकांपासून सुमारें अर्धा मिलिमीटर उघडलीं पाहिजेत. त्यांवर हिरवा मळ चढला होता. तीं घांसून साफ केलीं व कॉइल नवी बसविली. मग खोलींत अंधार करून, प्लग सिलिंडरावर टेंकवून, दोरी ओढली. निळी ठिणगी सर्वांनीं पाहिली. मामा पायरीवरून उठून आंत आले होते. त्यांनीं हळूच विचारलें, “पाऊस लागला तर?”

हा प्रश्न त्यांनीं सहज विचारला नव्हता. रोजनिशींत १९६५ च्या जुलै महिन्यांत चार ओळी आहेत. रात्रीं पाड्यावरून निरोप आला, कीं एक गृहस्थ अत्यवस्थ आहे. धर्मगुरु पवित्र तेल व कम्युनियन घेऊन एकटेच निघाले. खाडीच्या मध्यावर पावसानें मॅग्नेटो भिजलें व इंजिन बंद पडलें. ओहोटी लागली होती, आणि होडी समुद्राकडे वाहूं लागली. रोजनिशींत पुढें एवढेंच आहे, कीं ‘ईश्वरकृपेनें मदत मिळाली’. ती मदत कोणाची, हें मामांनीं सांगितलें. त्यांच्या वडिलांनीं कांठावरून हांक ऐकली, भिंतीची वल्हीं उचललीं, व शेजाऱ्याची डोणी काढून ते गेले. “फादरांच्या होडींत वल्हींच नव्हतीं,” मामा म्हणाले. “मशीन होतं ना!” त्यांनीं होडी ओढीत पलीकडे नेली. रोग्यास अंत्याभ्यंग मिळाला. पहांटे तो वारला तेव्हां धर्मगुरु त्याच्या उशाशीं होते.

ही कथा ऐकल्यावर मीं पुन्हां वही उघडली. १९६५ च्या आगस्टांत ‘होडीवाले’ हें सदर परत आलें आहे. रक्कम पूर्वीच्या निम्मी, म्हणजे एकाच माणसाची; आणि ‘पेट्रोल व तेल’ त्याच्या शेजारीं. तें पाड्यापर्यंत पूल होईपर्यंत चाललें. त्या धर्मगुरूंनीं आपली चूक कोठें लिहून ठेवलेली नाहीं, पण ती ओळखून महिन्याच्या आंत सुधारली, एवढी साक्ष वही देते. दुसरा वल्हेकरी मात्र त्याआधींच मुंबईस कामाच्या शोधांत गेला होता व परत आला नाहीं.

इंजिन पूर्ण होत आलें तेव्हां आपल्या समितींत वाद झाला. इंजिनास चकचकीत मुलामा द्यावा, रंगवावें, व कांचेच्या पेटींत घालून देवळाच्या मंडपांत ठेवावें, असें कांहींचें म्हणणें. कांहींना तें चालवावयाचें होतें. माझें मत मीं तेथें सांगितलें व येथेंही सांगतों. ज्या पेंचांवर त्या काळच्या हातांच्या खुणा आहेत, जी दांडी धरून धरून गुळगुळीत झाली आहे, ती घांसून नवी करणें म्हणजे जन्मनोंदणीच्या वहींतलीं जुनीं नांवें सुवाच्य अक्षरांत पुन्हां लिहून मूळ पान फाडण्यासारखें आहे. जो भाग निकामी झाला तो बदलावा. जो केवळ जुना झाला आहे तो राहूं द्यावा. मुलामा रद्द झाला. पितळी टांकीवरचा पोचा तसाच आहे.

होडीचें काम निराळें. आपल्याकडील लहान होड्या पुष्कळदां दोन्ही टोंकांस निमुळत्या असतात. इंजिन अडकविण्यास सपाट पाठ हवी, म्हणून १९६४ मध्यें हिचें मागलें टोंक कापून सागवानाची आडवी फळी बसविलेली आहे. करवतीची खूण अजून दिसते. मला ती थोडी खुपते, पण तोही इतिहासच. अनेक वर्षें कोरड्या पडवींत राहून तळाच्या फळ्या आकसल्या होत्या व सांध्यांतून उजेड दिसत होता. दोन फळ्या बदलल्या, सांध्यांत कापसाची वात ठोकून वर राळ भरली, आणि मग होडी तीन दिवस खाडीच्या कडेला दगड घालून बुडवून ठेवली. लांकूड पाणी पिऊन फुगलें व सांधे आपोआप मिटले. तरंगावयाची होडी आधीं बुडवावी लागते, हें पाहून शाळेचीं मुलें फार हंसलीं.

इंजिनाची पहिली परीक्षा पाण्यानें भरलेल्या पिंपांत झाली. दहा भाग पेट्रोलांत एक भाग तेल, असें या जुन्या यंत्राचें मूळ प्रमाण. त्यामुळें निळसर धूर इतका झाला, कीं सिस्टरांनीं शाळेच्या खिडक्या लावून घेतल्या. दोरीच्या अकराव्या ओढीस तें सुरू झालें, आणि पंख्यानें पिंपांतलें अर्धें पाणी आम्हां सर्वांच्या अंगावर उडविलें. या धुराचा व तेलाच्या तवंगाचा विचार करून एक ठराव केला आहे. अशीं यंत्रें न जळलेलें तेल पाण्यांत सोडतात. खाडींत अजून जवळा व बोईट मिळते, व कांहीं घरें त्यावर जगतात. म्हणून हें इंजिन वर्षांतून दोनदांच चालेल, मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणास व होड्यांच्या आशीर्वादाच्या दिवशीं, आणि तेंही थोडा वेळ.

गेल्या ८ डिसेंबरास मिस्सेनंतर होडी पाण्यांत लोटली. मरियामातेची लहान मूर्ति पुढें नाळेजवळ ठेविली होती. तो तरुण दोरी गुंडाळीत असतां मामा घरून आले. त्यांच्या खांद्यावर वडिलांचीं वल्हीं होतीं, ताजें तेल चोळलेलीं. त्यांनीं कोणास कांहीं विचारलें नाहीं. वल्हीं होडींत आडवीं ठेविलीं, स्वतः आंत चढून त्यांजवळ बसले, व मग त्या तरुणास म्हणाले, “आतां ओढ.” इंजिन तिसऱ्या ओढीस लागलें. चॅपलपर्यंत जाऊन आम्ही परत आलों. येतांना मध्यावर मामांनीं तें बंद करावयास सांगितलें, आणि उरलेलें अंतर त्यांनीं व एका मुलानें वल्हीं मारून तोडलें. त्या महिन्याच्या हिशेबाच्या वहींत मीं ‘पेट्रोल व तेल’ लिहिलें, आणि त्याच्या वर ‘होडीवाले’ या सदराखालीं दोघांची रक्कम लिहिली. मामांनीं ती घेतली व सही केली.